वंदनाचा अलार्म आणि माझा टॅग

आमच्या टाकीचा अलार्म तीन दिवस बंद होता, आणि तो मी बंद केला होता.

हे वाक्य आता कसं सहज लिहून झालं! त्या तीन दिवसांत मात्र ते माझ्या घशातून एकदाही वर आलं नाही. बाकी सगळं आलं. सेल खराब आहेत, दुकानदार लबाड आहे, हवेत दमटपणा आहे (भिलाईत, जानेवारीत!), आणि एकदा तर, देव मला क्षमा करो, "वंदना, तुझंच सोल्डरिंग कच्चं असेल" हेसुद्धा.

वंदना माझी बायको. मी शालिकराम कापगते, भिलाईच्या पोलाद प्लांटच्या एका मिलमध्ये क्रेनच्या इलेक्ट्रिकल मेंटेनन्सला. वडील भंडाऱ्याकडची शेती भावांकडे सोपवून इथे भट्टीवर लागले, मी इथेच आयटीआय करून चिकटलो. त्याला तीस वर्षं झाली. घरात साधा बल्ब गेला, तरी मी असा काही उठतो की जणू अख्ख्या भिलाईची वीज माझ्या खिशात आहे.

वंदनाने बारावी सायन्स केलं होतं. पुढे इलेक्ट्रॉनिक्स शिकायचं तिच्या मनात होतं, पण मध्ये मी आलो. म्हणजे स्थळ म्हणून आलो. लग्न झालं, मुलगी ऋतू झाली, आई आमच्याकडे आली, आणि ते शिकणं राहूनच गेलं. गेल्या दिवाळीनंतर वैशाली नगरात आमच्या घरापासून दोन गल्ल्यांवरच्या सभागृहात दर रविवारी इलेक्ट्रॉनिक्सचा वर्ग सुरू झाला. पाटीवर 'नवशिक्यांसाठी' असं लिहिलं होतं. वय लिहिलं नव्हतं. वंदना सरळ जाऊन नाव घालून आली. वर्गात सातवी-आठवीची बारा मुलं, आणि तेरावी वंदना, वय सेहेचाळीस.

"त्या लेकरायसोबत बसशील तू?" मी विचारलं.

"त्यात काय होते जी? बाकडे मोठे हायेत."

मी हसलो. वर हेही म्हणालो, "अवं, खेळणं आहे ते. सहा व्होल्ट! आमी चारशे चाळीसवर काम करतो."  तिने माझ्या ताटात भाजी वाढली आणि आपली वही उघडली.

दोन महिन्यांत तिने टाकीचा अलार्म बनवला. काम सोपं होतं. दोन वायर गच्चीवरच्या टाकीत वरच्या टोकाला सोडायच्या. पाणी तिथवर चढलं की वायर पाण्याने जोडल्या जातात आणि खाली स्वयंपाकघरात बझर बोंबलतो. मग कुणीतरी पळत जाऊन मोटर बंद करायची. ह्या सगळ्याला जीव देणारी एक प्लॅस्टिकची डबी, चार पेन्सिल सेलची, झाकणाची, बाजूला एवढासा स्विच. पहिल्या दिवशी बझर वाजला तेव्हा शेजारच्या साहूभाभी भिंतीपलीकडून त्यांच्या छत्तीसगडीत ओरडल्या, "का होगे ओ बहिनी? आगी लग गे का?" आणि खरं कळल्यावर म्हणाल्या, "एक ठन मोर बर घलो बना दे!"

"पायलं का आई," वंदना माझ्या आईला म्हणाली, "पयली आर्डर आली मले." बारावीचा निकाल लागल्या दिवशी ती कशी दिसली असेल, ते मला त्या क्षणी दिसलं.

येत्या रविवारी वर्गात प्रत्येकाने आपलं काम चालवून दाखवायचं होतं. ज्याचं चाललं, तो पुढच्या वर्गात जाणार. वंदनाला पुढच्या वर्गात जायचं होतं. आमच्या घरात तेव्हा सगळ्यात महत्त्वाची गोष्ट हीच होती, आणि हे मला पक्कं माहीत होतं. म्हणूनच सगळं सविस्तर सांगतो आहे.

आता माझ्या टॅगबद्दल. प्लांटमध्ये यंत्राला हात लावायचा, तर आधी त्याची लाइन तोडायची. नुसता स्विच बंद करून भागत नाही. स्विच कुणीही येऊन चालू करतो आणि आत काम करणारा माणूस फुकट जातो. म्हणून फ्यूज काढून खिशात ठेवायचा, नाहीतर कॉन्टॅक्टच्या मध्ये जाड कागद सरकवायचा, आणि वर टॅग लावायचा, 'काम जारी है, चालू न करें', खाली नाव. ज्याने टॅग लावला त्यानेच तो काढायचा. मोठ्या साहेबाचीही त्याला हात लावायची छाती होत नाही. ही सवय तीस वर्षांत इतकी मुरली आहे की घरी मिक्सरचं भांडं धुतानाही मी प्लग काढून शेजारी उभा राहतो.

गुरुवारी मी नाइट शिफ्ट करून आलो आणि झोपलो. ऋतू कॉलेजला गेली होती. दुपारी टाकी भरली, वंदनाने मोटर बंद केली आणि आईला घेऊन दुर्गला डोळ्यांच्या डॉक्टरकडे निघाली. ऑटोवाला दारात हॉर्न देत होता. त्या घाईत अलार्मचा स्विच बंद करायचा राहिला. टाकी काठोकाठ भरलेली, वायर पाण्यात, आणि बझर वाजतच राहिला. वाजत राहिला म्हणजे किती? मला स्वप्नात क्रेन अंगावर येताना दिसली आणि मी पलंगावरून "हटो, हटो!" ओरडत उठलो, एवढा.

तिरमिरत स्वयंपाकघरात गेलो. स्विच दिसत होता. सभ्य माणसाने तो बंद केला असता. पण माझा स्विचवर विश्वास नाही! मी डबीचं झाकण उघडलं, दिनदर्शिकेच्या पुठ्ठ्याची बोटाच्या पेराएवढी पांढरी चिठ्ठी कापली, सेल आणि पत्र्याच्या पट्टीच्या मध्ये सरकवली, निसटू नये म्हणून चिकटपट्टीने पट्टीला घट्ट बसवली. आवाज थांबला. एवढ्यावर थांबलो असतो, तरी मला माफी मिळाली असती. पण नियम म्हणजे नियम. चिठ्ठी चिकटवण्याआधी तिच्या पत्र्याकडच्या बाजूला मी बारीक अक्षरात लिहिलं होतं, 'काम जारी है, चालू न करें। एस. कापगते, इले.' (कुणी वाचायचं होतं ते? पत्र्याने?) मग झाकण लावलं आणि गाढ झोपलो. संध्याकाळी उठलो, जेवलो, पुन्हा नाइटला गेलो. टॅग काढायचा राहिला तो राहिलाच.

शुक्रवारी सकाळी घरी आलो तो दारातच साहूभाभींचा आवाज.

"देख तो ओ बहिनी! मोर जम्मो बरी भींज गे!"

झालं होतं असं, की वंदनाने मोटर लावली, अलार्मवर भरवसा ठेवून पोळ्या लाटायला घेतल्या आणि टाकी वाहून गेली. आमच्या ओव्हरफ्लोचा पाइप साहूभाभींच्या गच्चीकडे तोंड करून आहे. (तोही मीच बसवला. पण आज एकाच गुन्ह्याची कबुली देतो.) गच्चीवर त्यांनी रखियाच्या बऱ्या, म्हणजे सांडगे, वाळत घातल्या होत्या. रखिया म्हणजे कोहळा. तो किसायचा, रात्रभर भिजलेली उडदाची डाळ वाटायची, दोन्ही फेटायचं, आणि एकेक बरी हाताने कापडावर सोडायची. दोन दिवसांची मेहनत. त्याचं आता पिठलं होऊन ते पन्हाळीतून खाली उतरत होतं.

"तोर घंटी बाजिस काबर नइ?" साहूभाभींनी विचारलं.

वंदना डबी हातात घेऊन उभी होती. पुन्हा पुन्हा स्विच दाबत होती. "काल त वाजली होती वं भाभी... काल त वाजली..."

आणि इथे मी बॅग खाली ठेवून, बाह्या सरसावून पुढे झालो. "सरका," मी म्हणालो. "मी पाहतो."

एक गोष्ट शपथेवर सांगतो. त्या वेळी मला खरंच काही आठवत नव्हतं. दोन नाइट लागोपाठ केल्यावर माणसाला स्वतःचं नाव आठवतं हेच पुष्कळ.

"पहिले सप्लाय पाहावं लागते," मी जाहीर केलं. चारही सेल काढले, माझा प्लांटमधल्या कामाचा मीटर आणला आणि एकेक सेल तपासला. शून्य. दुसरा, शून्य. चारही शून्य!

"मेले," मी म्हणालो. "चारही."

"असे कसे मेले जी? गेल्या आठवड्यात त घेतले."

"दुकानदारानं जुने चिकटवले तुले."

तेवढ्यात आई म्हणाली, "उनात ठेव ना रे शालिक. तुह्या बाबाच्या टार्चचे सेल मी उनातच ठेवत होती. जित्ते होत होते." आईने सेल सुपात घालून अंगणात ठेवले आणि कावळ्यांनी नेऊ नयेत म्हणून स्वतः शेजारी बसली. तोवर मी घरातले बाकीचे सेल गोळा केले. टीव्हीच्या रिमोटमधले दोन, भिंतीवरच्या घड्याळातला एक, ऋतूच्या माउसमधला एक. मीटर लावला. शून्य, शून्य, शून्य, शून्य!

"पापा," ऋतू म्हणाली, "घड़ी तो अभी चल रही थी ना?"

"चालत होती. पण मेलेल्या सेलवर चालत होती."

असं मी बोललो! आणि कुणी मला अडवलं नाही, हीच माझी तीस वर्षांची पुण्याई. घड्याळ त्या क्षणी नऊ वीसवर थांबलं आणि रविवारपर्यंत आमच्या घरात नऊ वीसच वाजत राहिले.

मग मी सुपातले चारही सेल घेऊन कॅम्प-१ च्या बाजारात गेलो. दुकानात गर्दी होती. मी काउंटरवर सेल आपटले. "तीस साल से इलेक्ट्रिकल में हूँ, मुझे मत सिखाओ," असं म्हणालो. खरं म्हणजे त्या बिचाऱ्याने अजून काही शिकवलंच नव्हतं. त्याने शांतपणे टॉर्च काढला, त्यात माझे सेल घातले आणि बटण दाबलं. प्रकाश सरळ माझ्या तोंडावर!

"साहब, आपका मीटर एसी पे तो नहीं है?"

मीटर एसीवर होता. मिलच्या क्रेनला एसी लागतो. माझ्या मीटरचा खटका कित्येक वर्षं तिथून हललेला नव्हता. गंजला असता तरी मला कळलं नसतं. सेलचा असतो डीसी. हे सातवीच्या मुलाला कळतं. वंदनाच्या वर्गात तशी बारा होती.

रांगेतल्या एका बाईने मला वाट करून दिली, जशी आजारी माणसाला देतात.

घरी येऊन मी सांगितलं, "दुकानदार म्हणते सेल बरे हायेत." आईने अंगणातूनच उत्तर दिलं, "उनात ठेवल्यावर होनारच बरे."

शनिवारी सकाळी वंदनाने स्वतः तपासायला घेतलं. मी खुर्ची ओढून तिच्या मागे बसलो, म्हणजे देखरेखीला. ती वही उघडून एकेक पायरी करत होती. मीटर डीसीवर ठेवून प्रत्येक सेल बाहेर काढून मोजला, दीड व्होल्ट. सगळे बरोबर बसवले, सपाट तोंड स्प्रिंगकडे, टोक पट्टीकडे. मग डबीतून निघणाऱ्या लाल आणि काळ्या वायरवर मीटर लावला.

शून्य.

"म्हणजे सेल चांगले हायेत," ती हळू म्हणाली, "आनि बाहेर काही येऊन नाही राहिलं. म्हणजे जे काही आहे, ते डबीच्या अंदर आहे." मला मनातून वाटलं, अरे, हिला कुणी मिलमध्ये का नाही घेतलं? तेवढ्यात तिने झाकण उघडून बोट आत घातलं. "का जी, हा पांढरा कागद कशाचा आहे?"

आणि मला आठवलं.

आठवलं म्हणजे सगळं आठवलं. पुठ्ठा, कात्री, चिकटपट्टी, बारीक अक्षर.  त्या वेळी खोलीत आई होती, ऋतू होती आणि साहूभाभीही होत्या. उरलेल्या बऱ्या ताटात घेऊन त्या दाखवायला आल्या होत्या, पंचनाम्याला आणावं तसं. मी फक्त म्हणायचं होतं, "माझा आहे." दोन शब्द!

मी म्हणालो, "कंपनीचा असते तो. सेल हलू नये म्हणून. डबी चांगली आहे, मीटर नीट टेकला नसन."

वंदनाने मान हलवली. "असंन," ती म्हणाली आणि झाकण लावलं. माझ्या शब्दावर विश्वास ठेवायला तिला एक क्षणही लागला नाही. हे मला आजही डाचतं.

त्यापुढची दुपार माझ्या आयुष्यातली सर्वांत लांब दुपार. (घड्याळातही नऊ वीसच वाजत होते, त्याचा उपयोग झाला नाही.) डबी चांगली, असं मीच सांगितलं होतं. मग दोष सर्किटमध्येच असणार! वंदनाने दोन महिन्यांत जोडलेलं सगळं एकेक करून उकलायला घेतलं. ट्रान्झिस्टर काढला, पुन्हा लावला. बझरच्या वायर उलट केल्या, सुलट केल्या. सोल्डरिंग आयर्नने बोट भाजलं. तोंडात बोट घालून ती बसून राहिली आणि म्हणाली, "मले नाही जमत हे. बारावीत सुटलं तेच बरं झालं. उद्या मॅडमले सामान वापस करून येतो. मुलं हसतीन, पण काय कराचं."

"हरू नको," मी म्हणालो. मी! "दे ती डबी इकडे, टर्मिनल घासून देतो."

"नको जी. तुमी हात लावला का अजून बिघडते."

हे ती अंदाजाने बोलली, पण इतकं अचूक की मी पुढे केलेला हात मागे घेतला.

मी ठरवलं, चिठ्ठी गुपचूप काढायची. अलार्म आपोआप सुरू होईल, वंदना खूश, साहूभाभी खूश, आणि माझं पाप माझ्यापाशी. पण तोवर आईने डबीचा ताबा घेतला होता. "नजर लागली हिले," असं म्हणून तिने मीठ-मोहऱ्या ओवाळल्या, डबीला काळा दोरा गुंडाळला आणि ती देवापुढे ठेवली. आता देवापुढून चोरी करायची! मी न विचारता दिवा लावायला गेलो, तेव्हा आईने डोळे बारीक करून पाहिलं. तीस वर्षांत मी तो एकदाही लावला नव्हता. ती पाणी प्यायला उठल्याबरोबर मी दोरा सोडला, झाकण उघडलं आणि वंदनाच्या भुवयांच्या चिमट्याने चिठ्ठीचं टोक पकडलं.

"पापा! ये मम्मी का प्लकर है ना?"

मागे ऋतू. मी वळलो आणि चिमटा आपोआप नाकाशी गेला.

"नाकातला केस काढून राहिलो."

"भगवान के सामने?"

ह्याचं उत्तर तुम्हाला सुचत असेल तर कळवा. मी झाकण बंद केलं, दोरा पुन्हा गुंडाळला, आणि आई परत आली तेव्हा हात जोडून उभा होतो. आईला बरं वाटलं. "पोरगा सुदरला माहा," ती साहूभाभींना भिंतीवरून सांगत होती.

रविवारी वंदनाने सगळं सामान पिशवीत भरलं. डबी काळ्या दोऱ्यासकट. मी म्हणालो, "मी येतो सोबत." स्कूटरवर पूर्ण रस्ताभर मी वाक्य जुळवत होतो. "वंदना, ऐक..." इथपर्यंत जुळायचं आणि समोर गाय यायची. दोन गल्ल्यांचा रस्ता, आणि दोन गाई! संपला.

सभागृहात बारा मुलं आपापले दिवे लावून, पंखे फिरवून, भोंगे वाजवून बसली होती. देवांगन मॅडम शिकवतात, वय ऋतूपेक्षा फार तर पाच वर्षं जास्त. मी शेवटच्या बाकावर बसलो. वंदना पुढे गेली आणि टेबलावर पिशवी ठेवली.

"मॅडम, मेरा नहीं चला. सामान वापस करने आई हूँ. अगली क्लास में मेरा नाम मत लिखना."

"अरे आंटी, देख तो लेने दो," मॅडम म्हणाल्या. त्यांनी डबी उघडली, मीटर लावला, भुवया वर केल्या. "बैटरी बॉक्स से ही कुछ नहीं आ रहा. ये कागज कैसा है?"

आणि वंदनाने ताठ मानेने, सगळ्या वर्गाला ऐकू जाईल असं सांगितलं, "वो कंपनी का लगा है मॅडम. मेरे मिस्टर ने देखा है. प्लांट में इलेक्ट्रीशियन हैं, तीस साल से. उनसे गलती नहीं होती."

बारा मुलांनी वळून माझ्याकडे आदराने पाहिलं.

मिलमध्ये माझ्या डोक्यावरून कित्येक टनांचे गरम तुकडे गेले आहेत. तेव्हाही मी इतका घामाघूम झालो नव्हतो. मॅडम म्हणाल्या, "अच्छा, फिर ट्रान्झिस्टर गया होगा," आणि डबी बाजूला ठेवू लागल्या. वंदना वही पिशवीत घालू लागली. ती वही पिशवीत पूर्ण गेली असती तर पुन्हा बाहेर आली नसती, हे मला दिसत होतं.

मी उभा राहिलो. बाक इतका खाली होता की पूर्ण उभं राहायला दोन प्रयत्न लागले.

"मॅडम," मी म्हणालो, "वो कागज कंपनी का नहीं है. मेरा है."

 कुणाचा तरी पंखा फिरत होता, तोही थांबला असं मला वाटलं.

"मैंने लगाया, गुरुवार को. नींद में आवाज आ रही थी. निकालना भूल गया. और कल..." इथे मी बाकाची कड धरली, "कल याद आ गया था. तब भी झूठ बोला."

वंदनाने माझ्याकडे पाहिलं. रागावली असती तर बरं झालं असतं. ती नुसती पाहत होती. मग तिने टेबलावरचा चिमटा घेतला, चिकटपट्टीचं टोक धरून चिठ्ठी अलगद ओढून काढली, उलटी केली, आणि चष्मा वर करून मोठ्याने वाचली, "काम जारी है, चालू न करें। एस. कापगते, इले."

आधी पहिल्या बाकावरची मुलगी हसली. मग बारा मुलं, मग मॅडम. नंतर, देवाची कृपा, वंदनासुद्धा. हसताना तिच्या डोळ्यांत पाणी होतं, ते कशाचं हे मी विचारलं नाही.

तिने सेल दाबून बसवला. वायरची दोन टोकं पाण्याच्या ग्लासात धरली. बझर असा बोंबलला की बाहेरच्या झाडावरचे पोपट उडाले.

"सीखो बच्चो," मॅडम म्हणाल्या, "सर्किट नहीं चले तो पहले क्या देखना है?"

"बैटरी का कनेक्शन!" बारा मुलं ओरडली.

"आणि घरातला माणूस," वंदना म्हणाली. तिचं नाव पुढच्या वर्गाच्या यादीत पहिलं लिहिलं गेलं.

घरी आल्यावर मी आधी साहूभाभींकडे गेलो. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि एक अख्खा रखिया आणि किसणी माझ्यापुढे ठेवली. मी किसला. ओव्हरफ्लोच्या पाइपचं तोंडही त्याच दुपारी फिरवलं. घड्याळात सेल घातला, रिमोटमध्ये घातले. आईला सांगितलं की नजर माझीच होती. आई म्हणाली, "तरीच मी म्हणत होती, हा दिवा कावून लावून राहिला!"

वंदनाचा हिशेब मात्र अजून बाकी होता. संध्याकाळी तिने दिनदर्शिकेचा तोच पुठ्ठा, तीच कात्री आणि पेन माझ्यापुढे आणून ठेवलं.

"तुमच्या प्लांटात टॅग काढल्यावर काही लिहून द्या लागते ना जी?"

"लागते," मी म्हणालो. "काम झालं, माणसं हटवली, लाइन चालू करायला हरकत नाही, असं. सही करून."

"मग द्या."

मी चिठ्ठी कापली. ह्या वेळी हाताएवढी कापली, कारण मजकूर मोठा होता. स्कूटरवर जे जुळलं नव्हतं, ते आता जुळलं. 'वंदना, अलार्म मी बंद केला. आठवल्यावरही खोटं बोललो, कारण सगळ्यांसमोर माझी चूक निघाली असती. तुला वाटलं तुला जमत नाही, ते माझ्यामुळे. तुला जमतं. तेव्हा खेळणं म्हणालो, तेही चुकलं. मला माफ कर. अलार्म चालू करायला हरकत नाही. एस. कापगते, इले.'

तिने उभ्याउभ्या वाचलं. पुन्हा एकदा वाचलं. मग माझ्या हातातून पेन घेतलं, माफीला हात लावला नाही, फक्त शेवटचं 'इले.' खोडलं आणि त्याच्या वर नीट अक्षरात लिहिलं, 'शिकाऊ'.

चिठ्ठी अजून मोटरच्या स्विचवर चिकटवलेली आहे. तिचा नियमही तोच, ज्याने लावली त्यानेच काढायची. आणि लावली आहे वंदनाने.